अडकलेले बिल, तोंडी सांगितलेले काम आणि मुदतीचा हिशेब: खानापूरच्या कंत्राटदाराला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. खानापूर तालुक्यातल्या एका गावात रस्त्याचे काँक्रीटीकरण आणि गटारीचे काम तुम्ही दोघा भावांनी फेब्रुवारी 2022 च्या टेंडरमधून घेतले. काम मे 2023 मध्ये संपले. ऑगस्ट 2023 मध्ये एक चालू बिल, म्हणजे झालेल्या कामापुरते अंशतः बिल, निघाले, त्यानंतर काही नाही. साधारण 19 लाख अडकले आहेत. त्यातले 11 लाख एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, नोंदलेले आहेत. साडेपाच लाख रस्त्याच्या कडेला बांधलेल्या संरक्षक भिंतीचे आहेत आणि ती भिंत इंजिनिअरने तोंडी सांगितल्यावर बांधलेली आहे. अडीच लाख रॉयल्टी, म्हणजे खडी-वाळूवरचे सरकारी शुल्क, म्हणून कापायचे ठरले आहे. शिवाय 12 टक्के धरून भरलेल्या दरावर जीएसटी 18 टक्क्यांनी भरावा लागला. आता कार्यालय म्हणते, ‘आमचे काही येणे नाही’ असे पत्र द्या, 11 लाख सोडतो. वर कोणीतरी टक्केवारी मागतो आहे. आणि तुम्ही विचारता: कोर्टात जावे, की एमएसएमईच्या, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या, पोर्टलवर तक्रार टाकावी?

मी बेळगावात वकिली करतो आणि कंत्राटदारांची बिले, दावे हेच माझे रोजचे काम आहे. माझ्या मते ‘कुठे जावे’ हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की 19 लाखांतल्या कुठल्या रुपयामागे कुठला कागद आहे. ही एक रक्कम नाही, तीन वेगळ्या रकमा आहेत आणि तिघींचा रस्ता वेगळा आहे. त्या एकत्र बांधून मागितल्या की कमकुवत रक्कम भक्कम रकमेलाही खाली ओढते. कार्यालयाला मग 11 लाखांवरसुद्धा ‘वादग्रस्त’ असा शिक्का मारता येतो.

त्याआधी मुदत. ही गोष्ट मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. केलेल्या कामाचे पैसे मागायला 1963 च्या मुदत कायद्यात तीन वर्षे आहेत. करारात पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती काम पूर्ण झाल्यापासून मोजतात. म्हणजे तुमच्यासाठी मे 2026. ऑगस्ट 2023 च्या बिलामुळे मुदत पुढे सरकते असा युक्तिवाद करता येतो, कारण मुदत संपण्याआधी झालेली अंशतः परतफेड किंवा सहीची लेखी कबुली नवी मुदत सुरू करते. पण चालू बिल म्हणजे नेमक्या ह्याच थकबाकीतली परतफेड का, ह्यावर समोरचा वकील वाद घालणारच. त्या भरवशावर बसू नका.

आपल्याकडे गैरसमज आहे की आपण दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र दिले की मुदत जिवंत राहते. राहत नाही. आपण कितीही पत्रे लिहिली तरी घड्याळ थांबत नाही; त्यांनी सही करून रक्कम कबूल केली तरच फरक पडतो. ‘बोलणी चालू होती’ ह्या कारणानेही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाविरुद्धच्या एका लवाद प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे. साहेब ‘पुढच्या ग्रँटमध्ये बघू’ म्हणतात, बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन झाले की निधी येईल असे सांगितले जाते, आणि माणूस चांगुलपणाने थांबतो. अशी थांबलेली माणसे चौथ्या वर्षी माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटते.

आता पहिली रक्कम, एमबीतले 11 लाख. मोजमाप झाले आहे, सह्या आहेत, बिल तयार आहे, फक्त पैसे नाहीत. एमबीची आणि बिलाची प्रत तुमच्या हातात नसेल तर आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून भिंत, रॉयल्टी आणि बिल ह्यांचे वेगवेगळे अर्ज करा. लांबलचक तक्रारवजा अर्ज ह्याच कारणाने परत येतात. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील.

खात्याने स्वतःच मान्य केलेल्या रकमेसाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येते. करारातल्या पैशांसाठी रिट कधीच चालत नाही असे नाही. वस्तुस्थितीवर वाद नसेल आणि सरकार मनमानी करत असेल तर चालते, हे एबीएल इंटरनॅशनलच्या 2004 च्या निकालापासून पक्के आहे. पण अपेक्षा नेमकी ठेवा. न्यायालय बहुधा थेट ‘पैसे द्या’ असे न म्हणता ‘ह्यांच्या अर्जावर इतक्या आठवड्यांत निर्णय घ्या’ असे सांगते. हेही थोडे नाही. कारण मग खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरात रक्कम मान्य झाली तर वर सांगितलेली सहीची कबुली तुम्हाला मिळते. मात्र रिटमध्ये भिंतीचे साडेपाच लाख घालू नका. ते घातले की ‘वस्तुस्थितीचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा’ हे उत्तर ठरलेले.

आता ते ‘काही येणे नाही’ पत्र. माझे मत स्पष्ट आहे: जसे मागतात तसे देऊ नका. पण 11 लाख घरात येत असतील, डोक्यावर बँकेचे व्याज असेल, तर नुसते ‘देऊ नका’ म्हणणे मला सोपे आहे, तुम्हाला नाही. म्हणून मी अशिलांना असे करायला सांगतो. आधी एक पत्र द्यायचे: एमबीतली रक्कम स्वीकारायला तयार आहोत, भिंत, रॉयल्टी आणि जीएसटीचा फरक ह्यांवरचा हक्क राखून. त्यावर आवक क्रमांक घ्यायचा. मग बिलावर सही करताना ‘हक्क राखून’ असे हाताने लिहायचे. तरीही कोरे पत्रच मागितले आणि नाइलाजाने द्यावे लागले, तर पैसे जमा झाल्याबरोबर पुन्हा लेखी कळवायचे की हे पत्र कुठल्या परिस्थितीत घेतले गेले. बोघारा पॉलिफॅबच्या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दबावाखाली दिलेली पावती दाव्याचा दरवाजा आपोआप बंद करत नाही. पण त्या वेळचा कागद नसताना दोन वर्षांनी ‘दबाव होता’ म्हटले तर कोण मानणार?

दुसरी रक्कम, भिंत. इथे मला जास्त वेळ घ्यावा लागेल, कारण आपल्या भागातले कंत्राटदार सर्वांत जास्त इथेच बुडतात. जुलैत पावसाचा जोर वाढतो, भराव खचतो, जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणतो ‘बांधून घ्या, वर्कस्लिपमध्ये घालू’, म्हणजे वाढीव कामाच्या मंजुरीत. गावचे सदस्य मागे लागतात. तुम्हीही त्याच तालुक्यातले, उद्या तोंड दाखवायचे असते, म्हणून बांधता. नंतर जेईची बदली होते आणि वर्कस्लिप मंजूर झालेलीच नसते. कार्यादेशाशिवाय केलेल्या कामांच्या पैशांचा प्रश्न 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातून उठून सगळ्या राज्यात गाजला, तो किती गंभीर वळणावर गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपत्ती जाहीर झाली असेल तर 1999 च्या कर्नाटक सरकारी खरेदी पारदर्शकता कायद्याच्या कलम 4 प्रमाणे टेंडरची सूट मिळते, पण ती सूट टेंडरची आहे, लेखी आदेशाची नाही. 2019 च्या पुरानंतर हा फरक पुष्कळांना उशिरा कळला.

संविधानाच्या कलम 299 प्रमाणे सरकारशी करार ठरलेल्या पद्धतीने आणि लेखीच व्हावा लागतो. तोंडी आदेशाचा करार होत नाही. तरी तुमचे पैसे गेलेच असे नाही. भारतीय करार कायद्याचे कलम 70 सांगते की एखाद्याने कायदेशीरपणे, फुकट करायच्या हेतूने नव्हे, दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. बी. के. मंडल अँड सन्सच्या 1962 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सरकारलाही लागू केले. ह्या मार्गाने मिळतो तो वाजवी मोबदला; तुमच्या मनातला दर मिळेलच असे नाही.

तेव्हा भिंतीसाठी पुरावा गोळा करा. साइट ऑर्डर बुकात जेईची एखादी ओळ आहे का पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि बांधकामाचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका. सिमेंट, खडी, सळीची बिले तारखेप्रमाणे लावा. ग्रामपंचायतीकडून ‘अमुक ठिकाणी भिंत आहे आणि ती वापरात आहे’ एवढे पत्र मिळाले तरी मोठे काम होते. भिंत उभी आहे, ती कोणी नाकारू शकत नाही. दावा लागल्यावर न्यायालयाकडून कमिशनर नेमून मोजून घेता येते. भावाने ठेवलेली मराठीतली मजुरांची वही आणि साइटची डायरीसुद्धा पुरावाच आहे. भाषांतर जोडावे लागेल, पण मूळ वही जपून ठेवा, नंतर ‘नीट’ लिहून काढू नका.

भाषेवरून आणखी एक सांगतो. कार्यालयाला द्यायची पत्रे कन्नडमध्ये द्या. आपल्या भाषेचा आग्रह आपल्या जागी योग्य आहे आणि मीही तो धरतो. पण फाइलवर टिप्पणी लिहिणारा कन्नडमध्येच लिहितो. तुमचा मुद्दा त्याला जसाच्या तसा उतरवता आला तर तो वरपर्यंत पोहोचतो. मराठीत दिलेले पत्र फाइलला लागते, टिप्पणीत येत नाही. मोठ्या रकमेची नोटीस इंग्रजीत आणि सोबत कन्नड प्रत. टपालाने पाठवणार असाल तर सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पोच मिळेल अशाच सेवेने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

तिसरी रक्कम, रॉयल्टी. ही तीनपैकी सर्वांत लवकर सुटणारी. खाते एमबीतल्या काँक्रीटवरून खडी आणि वाळूचा हिशेब काढते. एक घनमीटर काँक्रीटला साधारण पाऊण ते एक घनमीटर खडी आणि त्याच्या निम्मी वाळू. तेवढ्या मालाचे खनिज वाहतूक परवाने तुम्ही दिले नाहीत तर रॉयल्टी तुमच्या बिलातून जाते. क्रशरवाल्याने रॉयल्टी आधीच भरलेली असते, म्हणजे तुम्ही ती दोनदा भरता. क्रशरवर जाऊन 2022-23 चे परवाने तारीख आणि गाडी नंबरप्रमाणे मागा. ते संगणकावर असतात. बिल एकाच्या नावावर आणि परवाना दुसऱ्याच कामाच्या नावावर असेल तर मात्र अडचण येईल. जितके जुळतील तितक्यांची कपात परत मागा, बाकीची सोडून द्या.

जीएसटीचा 6 टक्क्यांचा फरक तुमच्या करारावर अवलंबून आहे. रस्त्याच्या कामांवरचा दर 18 जुलै 2022 पासून 12 वरून 18 झाला, टेंडर त्याआधीचे, काम बरेचसे त्यानंतरचे. दरात ‘सर्व करांसह’ असे लिहिले असेल आणि कर बदलाचे कलम नसेल तर रस्ता अवघड आहे. कर वेगळा धरला असेल किंवा बदलाचे कलम असेल तर फरक मागायला आधार आहे. जीएसटी येण्यापूर्वी दिलेल्या कामांत करांतला फरक मोजून निर्णय घ्यायला कर्नाटक उच्च न्यायालयाने खात्यांना सांगितले होते. तुमची स्थिती नेमकी तीच नाही, पण विचाराची दिशा उपयोगी पडते. टेंडरचे ते पान पाठवा, मग सांगता येईल. जाता जाता जीएसटी पोर्टलवर पाहा, खात्याने कापलेला 2 टक्के जीएसटी टीडीएस तुम्ही स्वीकारून कॅश लेजरमध्ये घेतला आहे ना. पुष्कळांचे पैसे तिथे तसेच पडून असतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. एमएसएमई पोर्टलवर वेळ घालवू नका. 2006 च्या कायद्यातली 45 दिवसांची मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ऐकून कोणालाही मोह होईल, पण बांधकामाचा ठेका म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट त्यात बसत नाही असे मुंबई आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. तुमचे काम तसेच आहे. खाते पहिली हरकत हीच घेईल आणि ती लढण्यात मे 2026 निघून जाईल.

करारात लवादाचे कलम आहे का ते पाहा. कर्नाटकातल्या टेंडरच्या काही नमुन्यांत आहे, काहींत वाद थेट न्यायालयात जातो. लवाद असेल तर लवादाची मागणी करणारी नोटीस त्यांना पोचली की कार्यवाही सुरू झाली असे धरतात आणि मुदत थांबते. ‘लवाद आम्हीच नेमणार’ असे कलम असेल तर घाबरू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरकारी करारांतली अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली आहे.

लवाद नसेल तर दावा. काम देणारे कार्यालय राज्य सरकारच्या खात्याचे की जिल्हा पंचायतीचे, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्यावर नोटीस कोणाला द्यायची ते ठरते. सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हा पंचायत असेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही. संशय असेल तर मी सगळ्यांनाच देतो, टपालखर्च तेवढाच. नोटिशीत व्याज स्पष्ट शब्दांत मागा. 1978 च्या व्याज कायद्याप्रमाणे बऱ्याचदा नोटिशीच्या तारखेपासूनच व्याज धरतात, त्यामुळे उशिरा दिलेली नोटीस म्हणजे गेलेले व्याज.

बांधकामाचा करार आणि रक्कम 3 लाखांवर, म्हणून हा व्यावसायिक वाद ठरतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या 2022 च्या निकालानंतर ती टाळून घातलेला दावा फेटाळला जातो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. नोटिशीचे दोन महिने आणि मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्या वगळणुकीवर हिशेब बेतू नका.

थोडक्यात क्रम असा: आधी माहिती अधिकार, त्याच आठवड्यात क्रशरचे परवाने, मग तिन्ही रकमा वेगळ्या दाखवणारी नोटीस, 11 लाखांसाठी रिट, आणि बाकीच्यासाठी करार सांगेल तो रस्ता.

टक्केवारीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिले, पण ती शेवटची गोष्ट नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच संरक्षण आहे. देण्याआधीच कळवून सापळ्यात मदत केली तर तेही संरक्षणच. राज्यात ऑगस्ट 2022 मध्ये उच्च न्यायालयाने एसीबी रद्द केल्यापासून हे काम लोकायुक्त पोलीस करतात, त्यांचे ठाणे बेळगावात आहे. राज्य कंत्राटदार संघटनेने केलेल्या 40 टक्के कमिशनच्या आरोपावर नागमोहन दास आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल मार्च 2025 मध्ये सरकारकडे गेला. म्हणजे हा विषय आता दबक्या आवाजात बोलण्याचा राहिलेला नाही. तक्रार करायची की नाही हा निर्णय तुमच्या घरचा आहे, तुम्हाला इथेच काम करायचे आहे हे मला कळते. पण पैसे देऊन वर्षभराने ‘आम्हाला द्यावे लागले’ असे लेखी लिहू नका. तो तुमच्याच विरुद्धचा पुरावा होईल.

नवी कामे घ्यावीत का, असेही तुम्ही विचारले आहे. घ्या, पण दोन गोष्टी बघून. एक म्हणजे आरक्षण. अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी राखीव कामांची मर्यादा 2023 मध्ये 50 लाखांवरून 1 कोटी झाली. ती 2 कोटी करणारे आणि 2-ब (मुस्लिम) प्रवर्गाला 4 टक्के देणारे 2025 चे विधेयक राज्यपालांनी एप्रिल 2025 मध्ये राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवले. म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता, खरेदी पोर्टलवरच्या प्रत्येक टेंडरची सूचना वाचूनच अनामत भरा.

दुसरी गोष्ट भांडवलाची. आयकर कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योग असलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. सरकार तुम्हाला तीन वर्षे थांबवते आणि क्रशरवाल्याचे पैसे थकले म्हणून कर मात्र तुम्हाला आधी भरावा लागतो. हे अन्यायकारक आहे असे मला मनापासून वाटते. कंत्राटदार संघटनांनी दरवाढीइतकाच जोर ह्या मागणीवर लावायला हवा.

टेंडरच्या अटी, कार्यादेश आणि ऑगस्ट 2023 चे बिल, एवढी तीन कागदपत्रे नावे झाकून इथे टाका. लवाद की न्यायालय आणि जीएसटीचा फरक मिळेल का, ह्या दोन्हीचे नेमके उत्तर त्यावरून देता येईल. नोटिशीसाठी मात्र माझ्या उत्तराची वाट पाहू नका, ह्या महिन्यातच ती जाऊ द्या.